फटफटीच्या पोटातली सवत

माझी पहिली बायको वारल्यावर वर्षभरानं माझ्या फटफटीच्या इंजिनात राहायला आली.

असं माझं म्हणणं नव्हे, माझ्या दुसऱ्या सासूचं! मी बारामतीला गुळाचा अडत्या. दुसरी बायको तारा बावड्याची. रीतीप्रमाणे तिनं गळ्यात मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक घातला होता, सवतीनं छळू नये म्हणून. आणि नेमका लग्नाच्याच आठवड्यात इंजिनातून आवाज यायला लागला. खुळ्... खुळ्... खुळ्... जोडवी घातलेली बाई फरशीवरून चालतेय, अगदी तसा.

ताराला माहेराहून आणायला निघालो तो भर दुपारी. लासुर्ण्यापुढं रस्त्यावर चिटपाखरू नाही, वारा पडलेला, उसाचं पानही हलेना. वेग कमी केला की आवाज सुरू, वाढवला की बंद. (जिवंतपणी नेमकं उलट होतं. वेग वाढवला की ती ओरडायची!) मला तिची फार आठवण आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. बावड्यापर्यंत मी वेगाची मूठ सैल सोडली नाही. वाटेत एक कोंबडी गेली.

अंगणात गाडी हळू झाली आणि मामी, म्हणजे सासूबाई, जागच्या जागी थिजल्या.

"जावईबापू, तुमच्या गाडीत बाईमानूस हाय. ह्या गाडीवर मी लेक धाडायची न्हाय!"

"मामी, आवो यंत्र हाय ते!"

मी चुलीपुढची फुंकणी मागवली, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. लगेच उलगडा झाला. इंजिनाच्या पोटात एक बारीक साखळी फिरते आणि पोलादाची पट्टी तिला दाबून ताठ धरते. पट्टी झिजली की साखळी सैल पडते आणि झाकणावर आपटते. हे सगळं मी मामींना हातवारे करून समजावलं. त्यांनी मान डोलावून ऐकलं.

"बरं. पन काय म्हनती ती?"

तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली! म्हटलं, "तुमीच इचारा. गप झाली तर व्हय, खुळखुळली तर न्हाय."

(मूठ माझ्याच हातात होती.)

"लुगडं पायजे का गं तुला?"

खुळ् खुळ्.

"आमच्या तारीला सुखानं नांदू देशील?"

मी मूठ पिळली. आवाज गप! मामींनी पदरानं डोळे पुसले. "आजच धाडू का?" मी जोरात पिळली, इतकी की इंजिन गचकन बंदच पडलं. आणि त्या बंद इंजिनातून आलं...

टक्.

टक्.

टक्.

तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं, हे मला ठाऊक होतं. तरी मानेवरचे केस उभे राहिले.

"तीन," मामी कुजबुजल्या. "तीन म्हैनं थांबा म्हनती."

"मामी, ते लोखंड वाजतंय!"

"मगाशी बोलली ती सवत, आन् आत्ता लोखंड व्हय?"

दाराआड तारा तोंडात पदर कोंबून उभी होती. हसत होती की रडत, कळलं नाही.

तीन महिने एकट्यानं करपलेल्या भाकरी खाल्ल्या. पुण्याहून नवी पट्टी आणून बसवली आणि ऐटीत बावड्याला गेलो. इंजिन कसं लोण्यासारखं चाललेलं! मामी बराच वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. चेहरा पडला.

"बोलत न्हाय? रुसली वाटतं. रुसलेल्या सवतीच्या घरात लेक कशी धाडू? आदी तिला बोलती करा."

परत बारामती. चांगली पट्टी काढून झिजकी बसवणारा सगळ्या जिल्ह्यात मी एकटाच असेन! पुन्हा बावडा. खुळ् खुळ्! मामींनी आनंदानं इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि ताराची ओटी भरून तिला मागं बसवलं.

लासुर्ण्याजवळ पुन्हा तीच दुपार, तोच न हलणारा ऊस. वेग कमी झाला. खुळ्... खुळ्...

तारानं गळ्यातला टाक मुठीत धरला आणि हळूच म्हणाली, "अक्का, लई दमला असाल. आता म्या हाय. इसावा घ्या."

आवाज थांबला.

माझी मूठ हलली नव्हती. शपथ!

आवाज का येतो, का थांबतो, साखळी कुठली, पट्टी कुठली, सगळं मला पाठ होतं. म्हणूनच तर बारामती येईपर्यंत मी गाडीही थांबवली नाही आणि मागं वळून बायकोकडंही पाहिलं नाही!