चुडाव्याची हवा

चुडाव्याच्या स्टेशनात गाडी थांबून थांबून किती थांबणार. मालकांनी आधी ट्रंक आत ढकलली, मग मला, नव्या नवरीला. गाडी हलली तशी माय फलाटावरून चालत चालत म्हणाली, "तिथलं पानी पचलं न्हाई तर सांगून धाड. घरची हवा लागली की नीट होशील." दुष्काळ नुकताच सरला होता. माझी शाळा तर कधीच सुटलेली. हैदराबादचं फक्त नाव ठाऊक.

मालक तिथे बिस्किटाच्या कारखान्यात होते. ज्वारीच्या जागी भात आला, शेजारणीला मी 'खाला', म्हणजे मावशी, म्हणायला शिकले. बाळंतपणाला चुडाव्याला आले, लेक घेऊन परत गेले, आणि मग ते सुरू झालं. झोप उडाली. लेकरू रडायचं अन् मी नुसती बघायचे. पाय ठरेनात, दारातून चुलीकडे, चुलीकडून दारात. अंगणातल्या विहिरीची मला भीती वाटायला लागली, ती का, हे कोणाला सांगता येईना.

मालकांना मायचे शब्द आठवले. हवापालट म्हणून त्यांनी मला लेकरासकट चुडाव्याला आणून सोडलं. हवा घरचीच, मी मात्र तशीच. चुलती मायच्या मागे लागली, बाहेरचं असंल, देवऋष्याला दाखव, कोणाला कळायलंय. मायनं लिंबूसुद्धा आणून ठेवलं. धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून हिनंच नदीत सोडले होते. सकाळभर ते लिंबू ती या हातातून त्या हातात करत राहिली. शेवटी म्हणाली, "जाऊबाई, देव मी माज्या हातानं सोडले. आता कोन्या तोंडानं जाऊ? आन् गुण न्हाई आला, तर पोरीचा हकनाक येळ जाईल."

"मग काय येड्यांच्या दवाखान्यात नेतीस?"

"नेते की."

त्या लिंबाचं तिनं सरबत करून मला पाजलं.

जवळच्या पूर्णा गावच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. हा आजार आहे, म्हणाले, बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतो, औषध आहे. आणि त्याचे डॉक्टर कुठे? तर हैदराबादला. जिथून मला इथे बरी व्हायला आणलं, तिथेच. मला हसू आलं. लय दिवसांनी.

ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन मायच माझ्याबरोबर गाडीत बसली. हैदराबादच्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का. मी हो म्हणाले आणि विहिरीचं सांगितलं. मायनं हात घट्ट धरला. त्या दिवसापासून तिचं अंथरूण दाराला लागून.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, फरक काही दिसेना. फेकून देते, मी म्हणाले. माय तव्यापुढे होती. "टाकल्या टाकल्या भाकर उलथली तर तुटती, बाई. दम धर." काही आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही, हे डॉक्टरांनीही बजावलं होतं. मग एका सकाळी लेकरू रडलं आणि कोणी न सांगता मी उचललं. माय बघत होती. तव्यावरची भाकरी करपली.

आता माय नाही. जीव मधूनच कासावीस होतो, तेव्हा मी हवेची वाट बघत नाही, दवाखाना गाठते. लेक विचारते, तुझं घर कोणतं, हे की चुडावा? मला दोन्ही आठवत नाहीत. गाडीत मांडीवर गाठोडं घेऊन शेजारी बसलेली माय आठवते. गावात राहिलेल्यांनो, गाव सोडलेल्यांनो, तुमच्यात कोणाची लेक अशी गप्प झाली, तर लिंबाचं सरबत करा, आणि तिच्याबरोबर गाडीत बसा.