शेऱ्याचा रकाना

शेरेबापू माणसाचं नाव कधी नुसतं लिहीत नसत. नावापुढे पेन्सिलीने काहीतरी खूण असायचीच. 'डाव्या हाताने सही करतो.' 'मोर्शी, संत्र्याची बाग.' 'तेल्हारा, खोकला.' रजिस्टरातला शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि बापूंचा सगळा जीव त्या दोन बोटं रुंद जागेत. त्यांचं खरं आडनाव ऑफिसात कुणी घेतच नसे.

अकोल्याच्या एका सूतगिरणीत ते तीस वर्षं फंडाचे कारकून होते. गिरणीने कामगारांच्या फंड-पेन्शनची खाती सांभाळायचं काम आमच्या अमरावतीच्या तीन खोल्यांच्या कंपनीला दिलं, तेव्हा रजिस्टरांच्या गठ्ठ्यांबरोबर बापूही आले. मी नवी, कॉम्प्युटरवर बसणारी, आणि त्याचा थोडा माज असलेली. "बापू, खातं नंबरावर चालतं, खोकल्यावर नाही," असं मी त्यांना ऐकवलं होतं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "मंदे, नंबर काय चहा पाजते का तुले?" त्यांनी मात्र रोज पाजला.

पुढे आम्हाला नागपूरच्या कंपनीने घेतलं आणि तिला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने गिळलं. दर वेळी पत्रक यायचं, की खातं सांभाळायची फी आता कमी होणार. व्हायचीही. बापू पत्रक लांब धरून वाचत. "फी कमी केली म्हनते. पन काय काय काढून टाकलं, थे कावून नाई सांगत?" काढून टाकला होता तो शेऱ्याचा रकाना. नव्या नमुन्यात त्याला जागाच नव्हती. तो सोडून बाकी सगळं मीच भरलं, तीन आठवडे बसून.

आता आमच्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लावलेली एक जुलै. गिरणीत रामदास इंगळे दोन, एक मोर्शीचे, एक तेल्हाऱ्याचे. दोघांचीही एक जुलै, सालही तेच. मुंबईच्या कॉम्प्युटरने दोघांचा मिळून एक माणूस केला. मोर्शीचे इंगळे वारले आणि तेल्हाऱ्याच्या इंगळ्यांचं पेन्शन बंद झालं.

बापूंनी त्यांना एस्टीत बसवून आणलं आणि माझ्या टेबलासमोर उभं केलं. "मंदे, तुले कोनं सांगतलं का हा मेला? खोकून राह्यला ना तुह्यासमोर!" इंगळे बिचारे खरोखरच खोकले. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. चार महिने बापू मुंबईला पत्रं लिहीत राहिले. शेवटी त्यांच्या रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स गेली, तेव्हा कुठे एकाचे पुन्हा दोन झाले.

"रजिस्टरात तुमच्या नावापुढे कोरंच आहे की," मी एकदा चिडवलं. लग्न केलेलं नव्हतं, जवळचा म्हणावा तर एक पुतण्या. म्हणाले, "माह्यात अन् दुसऱ्यात कोन गल्लत करते?"

मग अमरावतीचं ऑफिसच बंद झालं. रजिस्टरं रद्दीत निघाली, त्यातलं एक बापूंनी पिशवीत घातलं. मला घरून काम मिळालं, ते अकोल्याला गेले. दर नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या दिवसांत, त्यांचा फोन यायचा. "तेल्हाऱ्याचा खोकते ना अजून?" मी म्हणायचे, खोकतात. "अन् तू कधी येतं अकोल्याले?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात नक्की. असे तीन नोव्हेंबर गेले. अकोला दोन तासांवर होतं.

गेल्या नोव्हेंबरात फोन आला नाही. कामाच्या गडबडीत माझ्या ध्यानातही आलं नाही. डिसेंबरात यादी उघडली, तर बापूंच्या नावापुढे आलं, 'दाखला प्राप्त नाही. पेन्शन स्थगित.' फोन लावला. पुतण्याने उचलला. "काका दसऱ्यालेच गेले, ताई. तुमचा नंबर काकालेच पाठ होता, लिहून नोता कुठं. एक रजिस्टर ठेवून गेले तुमच्यासाठी."

ते घ्यायला मात्र मी अकोल्याला गेले. तिथेच, त्यांच्या खाटेवर बसून पान काढलं. बापूंचं नाव, जन्मतारीख एक जुलै. पुढचा रकाना आता कोरा नव्हता. हलक्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मंदा ओळखते.'