इसार घेतलेलं पुस्तक

आमच्या गावात लोक अजून सांगतात, मास्तरनं एक पुस्तक काढलं आणि चाळीस हजार कमावले. हिशेब सोपा आहे. पुस्तकावर किंमत चाळीस, छापल्या हजार प्रती. गुणाकार तर मीच त्यांच्या पोरांना शिकवला. त्या चाळीस हजारांच्या भरवशावर माझ्याकडं गणपतीची वर्गणी पाचशे एक मागितली गेली आणि एका लांबच्या साडूनं पोरीच्या लग्नात मला ओढून स्टेजवर बसवलं. मला त्या पुस्तकातून खर्च वजा जाता मिळाले सहाशे. तीन वर्षं लिहिलं, म्हणजे वर्षाला दोनशे. आमच्या शाळेचा शिपाई एकेका घंटेला तेवढे घेत होता, असं मी रागात म्हणतो. तुम्ही थोडं कमी करून घ्या. राग मात्र कमी करू नका. तो मापात आहे.

गोष्ट नव्वदच्या आगेमागची. पुस्तक होतं माझ्या मामाच्या गोष्टींचं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, अंबडच्या आठवडी बाजारात शेळ्या-मेंढ्यांचा दलाल. त्याच्याइतका खोटारडा माणूस गोदावरीच्या अलीकडं झाला नाही. त्याच्या एका एडक्यानं परतूरला निघालेली एसटी टक्कर मारून अंबडच्या स्टँडात परत आणली होती आणि कंडक्टरनं पॅसेंजरला तिकिटाचे पैसे वापस केले होते. एडक्याचं मी मान्य करतो. कंडक्टरनं पैसे वापस केले, हे काही पटत नाही. अशा पंचवीस गोष्टी मी तीन वर्षं बसून लिहून काढल्या.

पण मामा खोटं बोलायचा ते गोष्टीत. सौद्यात कधी नाही. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, घेणाऱ्या-देणाऱ्याला पै-पै कळते. जमलं की घेणारा एक रुपया हातावर ठेवतो. तो इसार. इसार घेतला की भाव हलत नाही. मग दुसरा कुणी दुप्पट देवो, नाहीतर मेंढरू रात्रीतून सोन्याचं होवो.

मोपेडसाठी मी नऊ हजार साठवले होते, ते जालन्याच्या मस्तगडातल्या एका छापखान्यात नेऊन ओतले. शाळेला सायकलच राहिली. शेवटचा फॉर्म मशीनवर चढला तेव्हा छापखानेवाला ओरडला, "मास्तर, किंमत किती टाकू? जल्दी बोला, शाई वाळून राह्यली." मी कागदावर आकडे मांडत बसलो. मामा सोबत आला होता. त्यानं मला विचारलं, "एका पुस्तकाला खर्चा किती पडला?"

"नऊ."

"मंग पंधरा टाक. बाजारात आलेला मानूस भजे-जिलबीत तेवढे उडवतोच. एक बार गोष्टी खाईल."

पंधरा छापले. मामा तडक बाजारात गेला आणि पुस्तक बांधून व्हायच्या आत एक्केचाळीस माणसांकडून एकेक रुपया इसार घेऊन आला. त्यातल्या तिसांना वाचता येत नव्हतं. "नातवाकडून वाचून घेऊ," म्हणाले. मराठीत छपाईआधी एवढी मागणी कुठल्या पुस्तकाला आली असेल तर मला दाखवा, मी मिशी काढतो.

शंभर प्रती मी फुकट वाटल्या. पाहुणे, साहेब, साहित्यिक. "वाचून कळवतो" म्हणाले. अजून वाचून राह्यलेत. उरलेल्या नऊशे बाजेखाली. बायको म्हणाली, "अहो, आपण रोज या गठ्ठ्यांवर निजतो. अंडी असती तर एव्हाना पिल्लं निघाली असती." हे मला लागलं. एक्केचाळीस मामाच्या, ठीक. बाकी साडेआठशेचं काय? दोन प्रती पिशवीत टाकल्या आणि जालन्याच्या एका पुस्तक-वितरकाकडं गेलो.

दुकान गारेगार. वितरकानं पुस्तक उलटं धरलं. आतलं एक पान उघडलं नाही, फक्त मागची किंमत बघितली आणि असं तोंड केलं, जसा मी त्याच्या टेबलावर मेलेला उंदीर ठेवला.

"सर, पंधरा? अहो, पंधराचं पुस्तक कोण घेतं? वाचनालयांना वर्षाअखेरी अनुदान संपवायचं असतं. त्यांना रक्कम भरायची असते. चाळीस करा."

"पण छापलंय पंधरा."

"त्यावर रबरी शिक्का मारा. सुधारित किंमत. सगळे मारतात. हे बघा, पंधराला मी चाळीस टक्के कापणार, तुम्हाला नऊ. चाळीसला सत्तर टक्के कापणार, तुम्हाला बारा. आता बारा मोठे का नऊ?"

मी गणिताचा मास्तर. म्हणालो, "बारा."

उरलेले अठ्ठावीस कुठं जातात, हे मी विचारलं नाही. पोरगं वजाबाकी चुकलं की मी त्याला कोंबडा करायचो. त्या दिवशी जालन्याच्या भर रस्त्यात मलाच कोंबडा करायला पाहिजे होता. ते अठ्ठावीस कुणाकुणाच्या खिशात गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. पण मला नाक आहे.

"आणि सगळ्या प्रती माझ्याकडं पाहिजेत," वितरक म्हणाला. "एका पुस्तकाचे बाजारात दोन भाव चालत नाहीत."

मला मामाचा इसार आठवला. आठवला नाही असं म्हणालो तर ते मामाच्या गोष्टीत शोभेल, इथं नाही. मामा बघून घेईल, असं मनाला सांगितलं आणि हो म्हणालो.

रविवारी दुपारभर मी आणि बायको शिक्के मारत बसलो. नऊशे. जांभळी शाई कोपरापर्यंत. तिनं शंभरेक मारले आणि थांबली.

"पंधराचं चाळीसला. मग आत काय वाढलं हो?"

"काही नाही."

"शाई वाढली," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

बाराव्या दिवशी मामा पोतं घेऊन आला, एक्केचाळीस प्रती न्यायला. घरात तोपर्यंत एक प्रत उरली होती. मी सगळं सांगितलं, बारा आणि नऊसकट. मामाला अक्षरं येत नव्हती पण आकडे येत. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारतेत, कशापायी रे?"

"मालक कळावा म्हणून."

"मंग ह्यो पट्टा कुनाचा हाय?"

मामानं रिकामं पोतं खांद्यावर टाकलं. माझी बायको पाणी घेऊन आली, तर तिला म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी. गळ्याखाली उतरनार न्हाई." आणि गेला.

इसार वापस करणं म्हणजे दलालानं भर बाजारात डोक्यावरचं पागोटं काढून देणं. ते मामानं केलं नाही. पण पुस्तकही नाही. मग बाजार ज्याला म्हणतात तो काय असतो, हे त्याला दर आठवड्याला कळायला लागलं. बकऱ्यावाले, लोकरवाले, चहावाला, सगळे.

"काय मामा, पुस्तक कव्हा वितंय?"

"गाभन तरी हाय का न्हाई, डाक्टरला दाखवा की!"

"आवो, वांझ निघालं वाटतं. रुपया बुडाला आमचा."

हसून सुरू झालं, पण हसणं काही दिवसांनी सरलं. ज्यानं एक रुपयाचा शब्द पाळला नाही, त्याच्या रुमालाखाली हजाराच्या कळपासाठी हात कोण घालतंय? गिऱ्हाईक दुसऱ्या दलालांकडं वळलं. चाळीस वर्षं ज्या लिंबाखाली मामाची जागा होती, तिथं एक गुळवाला येऊन बसला. हे मला आईनं सांगितलं. मामा माझ्याशी बोलत नव्हता. दिवाळीला आला नाही. आईनं पण त्या दिवाळीला माझ्या ताटात करंजी मोजून वाढली. एक.

आणि कशासाठी? वर्षभरानं वितरकाचा कागद आला. विकल्या चारशे. चारशे गुणिले बारा, चार हजार आठशे. वजा प्रदर्शनातली जागा नऊशे, हमाली-गाडीभाडं चारशे चाळीस, यादीत नाव छापल्याबद्दल तीनशे, टपाल साठ. हाती एकतीसशे. नमुना म्हणून फुकट दिल्या एकोणपन्नास. उंदरांनी खाल्ल्या पन्नास. शिल्लक चारशे, त्या 'मागणी नसल्याने' घेऊन जा, नाहीतर जागेचं भाडं लावू.

मी तो कागद वाचला आणि असा ओरडलो, की बदनापूरच्या स्टेशनात उभ्या मालगाडीला वाटलं सिग्नल पडला, ती निघाली. माझ्या पुस्तकात माझी जागा कुठं होती? छापणाऱ्याला पैसे, बांधणाऱ्याला पैसे, उचलणाऱ्याला पैसे, उंदराला जेवण. लिहिणारा तेवढा समाजसेवक! कागद खिशात कोंबला, सायकल काढली आणि मामाच्या दारात जाऊन उभा राहिलो. माफी मागायला तोंड नव्हतं, म्हणून कागदच वाचून दाखवला.

मामानं उंदरापर्यंत ऐकलं. म्हणाला, "कवर बी खाल्लं?"

"सगळं. पन्नासच्या पन्नास."

"एक खाऊन पुरं केलं की दुसरं घ्यायचा? भाच्या, ह्यो तुझा खरा वाचक. त्याला बघून तरी येऊ. चल."

दुकानात वितरक हसून उठला. "या सर! आणि हे कोण?"

"मी दलाल हाय," मामा म्हणाला. खांद्यावरचा रुमाल काढला, वितरकाच्या हातावर टाकला आणि आत स्वतःचा हात घातला.

चाळीस वर्षं एडक्यांची शिंगं धरलेला तो हात. वितरकाचं हसू होतं तिथंच राहिलं, पण रंग बदलत गेला. दुकानातले दोघे गिऱ्हाईक बघत होते. त्यांना वाटलं, पाहुणे प्रेमानं हात धरून बसलेत. मामा हळू आवाजात बोलत होता.

"शेठ, आमच्या बाजारात भाव रुमालाखाली ऱ्हातो. पाहनाऱ्याला दिसत न्हाई. पर ज्याचं मेंढरू, त्याला बोटाबोटाला बराबर कळतं. तुमच्यात उलटंच. भाव पाठीवर छापून साऱ्या दुनियेला दाखवता, आन ज्याचं मेंढरू त्योच एकटा रुमालाबाहेर. आसं कसं?"

"अहो काका, व्यवहार आहे हा... हात... हात सोडा..."

"सोडतो की. सौदा झाला की सोडतो."

रुमालाखाली काय बोलणं झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मामानं सांगितलं नाही. रुमालाखालचं तिथंच राहतं. मी एवढंच पाहिलं की वितरकानं मोकळ्या हातानं गल्ला उघडला आणि त्याच हातानं एकतीसशेच्या जागी चार हजार मोजले. डाव्या हातानं एवढ्या जल्दी नोटा मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चारशे प्रती त्याच्याच हमालानं स्टँडवर आणून एसटीच्या टपावर चढवल्या.

पुढच्या बाजारी मी मामासोबत अंबडला गेलो. गुळवाल्याला त्यानं नुसतं बघितलं, गुळवाला सरकला. मामानं पोतं उघडलं आणि इसारवाल्यांना नावानं हाका मारल्या. एकेक आला. वर्षभरात एक वारला होता, त्याचा पोरगा आला.

"मामा, पर ह्याच्यावर चाळीस हाय की," एकानं शिक्का दाखवला.

"इसार पंधराचा हाय. एक दिलास, चौदा काढ. चाळीसचा शिक्का मास्तरच्या अकलेवर मारलेला हाय, तुझ्यावर न्हाई."

मी शेजारी पोत्याचं तोंड धरून उभा. हे सगळ्यांनी ऐकलं. ऐकायलाच पाहिजे होतं.

एक्केचाळीस गेल्या तेव्हा भोवती बाकीचे जमले होते. ज्यांनी वर्षभर "कव्हा वितंय" विचारलं, तेच. चाळीस लिहिलेलं पुस्तक पंधराला मिळतंय म्हटल्यावर त्यांच्या अंगात आलं. मामानं पुस्तकामागं एक रुपया दलाली घेतली, उघड, सगळ्यांसमोर. माझे चौदा. वितरकाच्या बारापेक्षा दोन जास्त, आणि ते कुठून आले हे मला दिसत होतं. चारशेच्या चारशे त्या एका बाजारात संपल्या असं मी सांगत फिरतो. खरं म्हणजे चार महिने लागले. पण पहिल्याच दिवशी संध्याकाळी एक कळपवाला मामाच्या रुमालाखाली हात घालून गेला, आणि तो पुस्तकासाठी नव्हता.

त्याच दिवसाची एक गोष्ट राहिली. एक म्हातारा धनगर पुस्तक घेऊन बराच वेळ कव्हर बघत उभा होता. घ्यावं का नाही, त्याचं ठरेना.

"लिव्हलंय कुनी?" त्यानं विचारलं.

"भाचा व्हता माझा," मामा म्हणाला.

"व्हता म्हंजी?"

मामानं एकदा आभाळाकडं बघितलं आणि रुमालानं डोळे पुसले.

"अरारारा!" म्हाताऱ्यानं पंधरा दिले. मग कनवटीतून आणखी एक रुपया काढून मामाच्या हातावर ठेवला. तो गेल्यावर मी मामावर असा उखडलो की शेजारच्या चार शेळ्यांनी दावं तोडलं. जिवंत माणूस समोर उभा आहे आणि त्याला मारतोस?

"वरडू नको," मामा म्हणाला. "जित्त्या लेखकाला पंधरा, मेलेल्याला सोळा. ह्यो वरचा रुपया तुझ्या तेराव्याचा खर्चा. माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात म्हातारा परत वळला. त्याला माझा आवाज ऐकू गेला असावा. माझ्याकडं वरून खालपर्यंत बघत म्हणाला, "तुमी कोन म्हनायचं?"

मामा माझ्याकडं बघत होता. इसार मोडलेल्या माणसाला बाजारात एकच संधी मिळते.

"कोनी न्हाई," मी म्हणालो. "पोतं धरायला आल्तो."