हाड धरलं का, मॅडम?

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये दिवसभर लोकांच्या जबड्यांचे फोटो जमा होतात, आणि सोबत किस्सेही. फोटो जुने झाले की कॉम्प्युटरमधून उडवता येतात. किस्से मात्र शेअर रिक्षात मध्येच आठवतात आणि मी एकटीच हसत सुटते. शेजारची बाई जरा सरकून बसते!

सेंटर उल्हासनगर कॅम्प तीनला. वरच्या मजल्यावर आमच्या सरांचा दवाखाना. ते इम्प्लांट करतात, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. स्क्रू सरळ गेला का, हाडानं त्याला घट्ट धरलं का, हे आधीचे आणि नंतरचे स्कॅन शेजारी लावून मी सांगते.

* * *

स्कॅनच्या आधी गळ्याकानातलं सगळं काढावं लागतं. विठ्ठलवाडीच्या एक काकू अडूनच बसल्या. "मंगळसूत्र पर्समध्ये? छे!" शेवटी त्यांनी ते काढलं आणि सरळ नवऱ्याच्या गळ्यात घातलं!

काका तसेच बाहेर येऊन बसले. रिसेप्शनवरची शुभांगी पुढचा नंबर पुकारायचं विसरून बघत राहिली.

काका म्हणाले, "काय बघतेस? ती येईपर्यंत मीच सौभाग्यवती!"

* * *

जीन्सच्या कारखान्याचे एक सेठ. स्वतःचा इम्प्लांट स्क्रीनवर चहूबाजूंनी फिरवून बघितला. "मॅडम, थोडा झूम करो." केला. मग त्यांनी कारखान्यातल्या मास्टरलाच व्हिडिओ कॉल लावला. "देख! फिनिशिंग इसको बोलते हैं. तेरा बटन कभी इतना सीधा बैठा है?"

पलीकडून मास्टरचा आवाज आला, "सेठ, मशीन कौनसी है?"

* * *

शुभांगीच्या अंबरनाथच्या मामांनी हौसेनं आपला थ्रीडी स्कॅन फॅमिली ग्रुपवर टाकला. थ्रीडी म्हणजे कवटीच दिसते. आत्याबाईंनी लगेच लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग काय, न बघता सगळ्यांनी तेच!

मामांनी घाईघाईनं लिहिलं, "अहो, मी जिवंत आहे."

त्यावर आत्याबाईंचा अंगठा!

* * *

आणि हेंद्रेपाड्याचे आजोबा. एकेकाळी बदलापुरात भातशेती, आता नातीच्या लग्नाची गडबड. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद, आणि त्यांच्याकडे हळद म्हणजे मटण! सरांनी बजावलं होतं, "शेवटच्या स्कॅनमध्ये हाड धरलेलं दिसेपर्यंत त्या बाजूनं काही चावायचं नाही." तेव्हापासून आजींनी त्यांना पेज आणि मऊ भातावर ठेवलं होतं.

दर खेपेला आजोबा दारातूनच विचारायचे, "हाड धरला का, म्याडम? नातीची हलद हाय. मना मटान खायाचा हाय!" त्यांच्या तोंडाकडे बघून मलाच वाईट वाटायचं. म्हातारा जन्मभर राबला, नातीच्या हळदीला पेज पिणार?

हळद चार दिवसांवर आली आणि ते शेवटच्या स्कॅनला आले. बरोबर आजी. स्कॅन काढला, जुना शेजारी लावला. स्क्रूभोवती हाड छान भरलं होतं. मी खूश! पण इम्प्लांटला लागूनच एक बारीक पांढरी कपची दिसत होती. जुन्या स्कॅनमध्ये तिचा पत्ताच नव्हता.

मी लगेच वर सरांना फोन लावला. जबड्याचं हाड तर तुटलं नाही? इतक्या महिन्यांची पेज फुकट?

सर धावत खाली आले. स्क्रीन बघून त्यांचाही चेहरा पडला. आजोबांना वर खुर्चीत बसवलं. आजी पदर घट्ट धरून उभ्या. सरांनी हिरडीखाली चिमटा घातला आणि कपची अलगद बाहेर ओढून ट्रेमध्ये ठेवली.

सगळे ट्रेवर वाकलो. सर हसायला लागले. "मॅडम, ये इनका नहीं है. ये तो बकरे का है!" मग इम्प्लांट हलवून बघितला. तसूभर हलला नाही. "एकदम पक्का. आजोबा, हळदीला बिनधास्त खा."

आजोबा छताकडे बघत होते.

आजींनी कपची बोटात धरून उजेडात फिरवली, खाली ठेवली आणि शांतपणे मला विचारलं, "म्याडम, कोनाच्या घरी खाल्लान, ते पन दिसतं का यान?"