एका फाइलीची एकच दिशा

ऑर्विल,

तुझ्या निवृत्तीच्या जेवणात सगळ्यांनी तू केलेली संगणकाची भाषा डोक्यावर घेतली. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी तोंडात हॉटडिशचा मोठा घास भरला. ते चार शब्द आता लिहिते. तुला उद्देशून लिहिलं तर तू दर ओळीला दुरुस्ती सुचवशील, म्हणून तुझ्याविषयी लिहिते.

ऑर्विल स्कोग्लंड डुलुथचा. कानांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत त्याची हयात गेली. माणूस वाईट नव्हता; शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ न सांगता उपसायचा. पण साधं काम दिलं की त्यातून तो तत्त्वज्ञान काढायचा.

गोठलेल्या तळ्यावर मासे धरत बसलेल्या बर्निस लाहतीच्या कानामागचं यंत्र एकदा निसटून बर्फातल्या भोकात गेलं. डोक्यात बसवलेला भाग शाबूत होता, पण बाहेरच्या यंत्राशिवाय बाई ठार बहिरी. नवं यंत्र आलं. त्यात तिची जुनी मापं भरायची होती: कोणता सूर किती जोराने द्यायचा, ते वर्षानुवर्षं बसून जुळवलेलं. ती मापं होती एका जुन्या फाइलीत, आणि फाइलीची रचना ठरवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. आत नुसते आकडे, एकाला एक चिकटलेले.

"ऑर्विल, एवढी एक फाइल वाचून दे रे," कानांची तज्ज्ञ गेल म्हणाली. "नवरा, आर्व्हो, बिचारा पाटीवर लिहून तिच्याशी बोलतोय."

"एकच कशाला? असली कुठलीही फाइल वाचता येईल अशी भाषाच करतो."

"मला भाषा नकोय. बर्निसला ऐकू यायला हवंय."

भाषा झाली, आणि खोटं कशाला बोलू, देखणी झाली. फाइलीत कशानंतर काय येतं तेवढं लिहायचं, वाचायचं काम यंत्राचं. फक्त एक कायदा होता. आकडा दोन तऱ्हांनी साठवता येतो: मोठा भाग आधी, किंवा आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो तसा लहान भाग आधी. फाइलीची तऱ्हा पहिल्या ओळीत सांगायची आणि शेवटपर्यंत पाळायची. बर्निसच्या फाइलीची तऱ्हा मध्यावर उलटत होती. जुन्या यंत्रात दोन निरनिराळ्या चिपा होत्या, आणि दोघी आपापल्या सवयीने लिहीत होत्या.

"मग घाल एक अपवाद," गेल म्हणाली.

"अपवाद घातला की भाषा नासते. फाइलच चुकीची आहे."

"त्या चुकीच्या फाइलीवर बाई चर्चमध्ये गात होती, ऑर्विल. तुझ्या बरोबर भाषेवर तिला दाराची घंटादेखील ऐकू येत नाही."

यावर ऑर्विलने अपवाद का नको यावर लांबलचक टिपण लिहिलं. मग भाषेचं नाव ठरवलं, फ्योर्ड. मग तिचं बोधचिन्ह काढलं. तळ्यावरचं बर्फ वितळलं तरी निळ्या रंगाची छटा काही ठरेना.

शेवटी गेलने नाद सोडला आणि नवं यंत्र शून्यापासून जुळवलं. बर्निस ऐकून म्हणाली, "आर्व्हो डब्यात तोंड घालून बोलतोय."

"होईल सवय," ऑर्विल म्हणाला.

झाली की. आर्व्होच्या आवाजाची झाली, गाण्याची नाही. चर्चच्या गायकांतून तिने नाव काढून घेतलं. ऑर्विल त्या सुमाराला मिनियापोलिसच्या परिषदेत होता. दोन तऱ्हांच्या फाइलींचं काय, असं कुणी विचारलं, तर म्हणाला, "अशा फाइली असूच नयेत." टाळ्या पडल्या. शहाणी माणसं होती सगळी.

पुढे एका बड्या गिऱ्हाइकाकडे तसल्याच फाइली निघाल्या. अपवाद एका दुपारीत घातला गेला. भाषा नासली नाही.

त्याच संध्याकाळी तू माझ्या टेबलाशी आलास, ऑर्विल. म्हणालास, बर्निसची फाइल आता सरळ वाचता येते, जुनी मापं भरून बघता येतील, शनिवारी तिच्याकडे जाऊन सांगू, मी गाडी आणतो. शनिवारी तू अपवादाचं परिशिष्ट लिहीत बसलास. पुढच्या शनिवारी त्या परिशिष्टाची सूची. गेल तोवर ओरेगनला गेली. फाइल तुझ्याकडे आहे, आणि मला गाडी चालवता येत नाही हे तुला माहीत आहे. बर्निस अजून गावातच, लेकसाइड भागात राहते.