भूकंपाला रांगत होती

नात मला तिच्या कॉलेजच्या पुस्तकातली एक जुनी परदेशी शोकांतिका समजावून सांगत होती. त्यातली दाई मुलीचं वय सणावरून आणि भूकंपावरून मोजते. नात हसली. मला मात्र उकडलेल्या पुरणाच्या दिंडांचा वास आला.

शिराळ्याजवळचं माझं माहेर आणि नागपंचमीचा दिवस. मी एकोणीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी बया. सासरी मला करमत नव्हतं, म्हणून धाकटी बहीण यमू जाऊ म्हणून हवी होती. झोक्याला जोडीदारीण! माझ्या दिरासाठी तिला मागायला सासरे ओसरीवर येऊन बसले होते.

"पोरगी केवढी झाली?" त्यांनी विचारलं.

आई घुटमळली. मी उंबऱ्यातूनच ठोकून दिलं, "आवं मामंजी, भूकंपाला रांगत हुती की ती! सोळावं लागलंय."

खरं तर भूकंप झाला तेव्हा यमू आईच्या पोटात होती. दिंडं वळणारा आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मला वाटलं, माझ्या हुशारीवर खूश झाली. काय ते माझं डोकं! बाहेर यमू मेंदीचे ओले हात वर धरून, झोका द्यायला मला हाका मारत होती.

लग्नानंतरची दुसरी पंचमी यायच्या आतच यमू बाळंतपणात गेली.

"आजी, असं मोजून वय चुकत नसेल?" नातीनं विचारलं.

"न्हाई गं," मी म्हटलं. "यमूला चौदा पुरी झाली हुती. मला तवाबी नीट मोजता येत हुतं."