आत्याबाईचा जामीन

फौजदार आयुष्यात एक दिवसही पोलिसात नव्हते. ते तळ्याचे राखणदार. पण कुणी नमस्कार केला तरी 'हा आजच का नमस्कार करतोय' असा विचार करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? चहात साखर कमी वाटली की ते आधी बायकोकडे बघत, मग डब्याकडे. "ह्यांचा आरशातल्या माणसावरही भरवसा नाही," असं ती म्हणे. ते मात्र खोटं होतं. आरशातल्या माणसावर फौजदारांचा पूर्ण भरवसा होता.

तळ्यावर गळ टाकणाऱ्यांना नियम एकच. कार्प मासा पकडा, डोळे भरून बघा आणि पाण्यात परत सोडा. सोडण्याआधी तो फौजदारांना दाखवायचा. ते मासा स्वतः हातात घेत, दोन्ही कुशी उलटून बघत, गळाने ओठ फाटलाय का ते तपासत आणि मगच मान हलवत. याला सगळे 'जामीन' म्हणत. फौजदारांना त्या शब्दाचा राग येई, पण आतून आवडेही.

माशांत सगळ्यात थोरली आत्याबाई. वीस वर्षांची, पोक्त आणि पोट सुटलेली. गेल्या मोसमात ती फौजदारांच्याच ओल्या हातांतून निसटली आणि लाकडी धक्क्यावर आपटली. तिचे तीन खवले गेले. फौजदार दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी या मोसमाच्या तोंडावर बायकोनं जुन्या टॉवेलचे हातमोजे शिवून दिले. अंगठा वेगळा आणि बाकीच्या चार बोटांना मिळून एकच पिशवी. "एकेक बोट शिवत बसायला मला वेळ नाही," ती म्हणाली. मोजे मऊ होते आणि मासा घट्ट धरता येत होता. फौजदार खूश झाले.

आणि नेमके याच मोसमात मासे मरायला लागले.

अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी, मग सुस्ती, मग एक दिवस मासा पोट वर करून काठाला. असे तीन गेले. मग एका सकाळी उथळ पाण्यात आत्याबाई दिसली, तर तिच्या कुशीवरही पांढरा डाग. फौजदार तडक घराकडे वळले.

"कुणीतरी मुद्दाम करतंय," ते घरी म्हणाले.

"माशांशी कुणाचं वैर असणार?" बायको म्हणाली.

"तेच तर शोधायचंय."

संशय सिस्टरांवर गेला. निवृत्त नर्स, तळ्यावर याच मोसमापासून येणाऱ्या. तासन्‌तास गप्प बसायच्या, हेच मुळात संशयास्पद. शिवाय माशाला हात लावण्याआधी दर वेळी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायच्या. सारखे हात धुणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं फौजदारांचं ठाम मत होतं.

तिसऱ्या मेलेल्या माशावर त्यांनी पातळ कागद ठेवला आणि डागाची कड पेन्सिलीनं गिरवली. आकार पंजाचा निघाला. अंगठा वेगळा आणि बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली. कागद खिशात घालून फौजदार गावभर फिरले. न्हाव्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "हात ठेव." न्हाव्यानं साबणाचा हात ठेवला, कागद फाटता फाटता वाचला. शाळेतल्या मास्तरांची बोटं फार लांब निघाली. घड्याळजींचा पंजा कागदावर हरवूनच गेला. सगळे हसले. पण फौजदार गेल्यावर जो तो आपला हात उलटसुलट करून बघत होता, हेही खरं.

शेवटी ते सिस्टरांपुढे उभे राहिले. त्यांच्या जाळीत, गुडघाभर पाण्यात, नेमकी आत्याबाई होती.

"बाई, हात ठेवा यावर."

सिस्टरांनी काही न विचारता हात पुसून ठेवला. चारी बाजूंनी बोटभर जागा उरली.

"आता तुमचा ठेवा, दादा."

"माझा? मी तपास करतोय."

"म्हणूनच. मोजा घालूनच ठेवा. सगळे मासे शेवटी तुमच्याच हातात येतात ना?"

फौजदार हसले. हसत हसतच त्यांनी मोजा घातलेला हात कागदावर टेकवला. पेन्सिलीची रेघ सगळीकडून मोज्याच्या कडेला भिडली. हसू कुठं गेलं ते त्यांनाच कळलं नाही.

"पण हे मऊ आहेत," ते कसेबसे म्हणाले.

"मऊ आहेत, पण कोरडे आहेत. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, तेच त्याचं औषध. कोरडं फडकं लागलं की तो पुसून जातो आणि तिथं बुरशी धरते. मी दवाखान्यात भाजलेले पेशंट सांभाळलेत. कातडी गेली की काय होतं ते मला विचारा."

"ओला हात निसटतो हो. मी तिला पाडलंय एकदा."

"उभं राहून धरलं असेल. उचलायचंच कशाला? पाण्यात बसा आणि खालून नुसता आधार द्या."

फौजदारांनी मोजे काढले. पँट भिजेल म्हणून आयुष्यभर जपत आलेला माणूस कंबरभर पाण्यात बसला. आत्याबाईच्या पोटाखाली तळवे धरले तेव्हा कुशीवरचा डाग अगदी डोळ्यांसमोर आला. त्यात त्यांचा अंगठा ओळखू येत होता. सिस्टरांनी जाळी खाली केली. आत्याबाई बराच वेळ तिथंच थांबली, कल्ले हलवत राहिली, आणि मग आपणहून हातांवरून निघून गेली.

घरी बायकोनं ओले कपडे पाहिले. "सापडला का चोर?"

"सापडला." फौजदारांनी मोजे तिच्या मांडीवर ठेवले आणि भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून बसले.

तिनं मोजे पाहिले, मग त्यांच्याकडे. ती टोमणा मारायला निघाली होती, पण राहिली.

"मग? सोडून दिलात त्याला?"

"नाही," फौजदार म्हणाले. "आत्याबाईचा डाग जाईपर्यंत त्याला जामीन नाही."